७८६ आणि नऊ एकांचा वर्ग

रावेतला मुकाई चौकात भाच्यासोबत चहा पीत उभा होतो. समोरून एमएच-१४ ची नवी कोरी गाडी गेली, नंबर ०७८६. भाचा दहावीत आहे. म्हणाला, "मामू, या नंबरासाठी लोक आरटीओत जादा पैसे भरतात. एवढं काय आहे त्यात?"

मी सांगितलं, अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक किंमत असते. पूर्ण बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ भरते.

"म्हणजे नंबर स्वतः काहीच करत नाही?"

मी गप्प झालो. माझ्याही पाकिटात ७८६ ची जुनी नोट आहे.

मग मी त्याला एका कागदावर गुणाकार मांडायला लावला: नऊ एक गुणिले नऊ एक. १११११११११ × १११११११११. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, उलटी वाचली तरी तीच. हाच गुणाकार एक्सेलमध्ये केला तर शेवटच्या २१ च्या जागी ०० दिसतात, कारण एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. कागद पूर्ण उत्तर देतो.

आणि कारणही देतो. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या रकान्यात नऊ एक येतात, दोन्ही बाजूंना आठ, मग सात. कुठेच हातचा येत नाही. म्हणून अंकांची बेरीज ८१, म्हणजे मांडलेले सगळे एक. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. उलटसुलट सारखेपणा मोडला. का मोडला, हे भाच्याने स्वतः सांगितलं.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डहाणूत १९०५ साली जन्मलेला, देवळालीच्या शाळेत शिकवणारा हा माणूस. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेमलो रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. ६१७४ हा कापरेकर स्थिरांकही त्यांचाच. आपल्याकडच्या बहुतेक गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न त्यांच्याही संख्यांना विचारला जातो. माझं उत्तर एवढंच: या संख्येचा गुण कुणाच्या सांगण्यावरून मानावा लागत नाही. ज्याच्याकडे पेन्सिल आहे त्याने तपासावा.

आपल्या समाजात गाडीच्या नंबरावर हजारो रुपये मोजणारा बाप मुलाने "का?" विचारलं की "आधी पोर्शन संपव" म्हणतो. बरकत अल्लाहकडे मागायची असते, अंकाकडे नाही. बिस्मिल्लाह म्हणायला जीभ दिली आहे, आणि विचार करायला अक्कल. अंकाला पूजण्यापेक्षा त्याला प्रश्न विचारणं मला जास्त इमानदारीचं वाटतं.

पाकिटातली नोट मी काढलेली नाही. ती दादीने दिली होती, तिची आठवण आहे. पण आता तिच्यासोबत तो गुणाकाराचा कागदही घडी घालून ठेवला आहे.