विश्लेषण : गुन्हा रद्द झाला, डागाचे काय?

गुन्हा दाखल झाल्याची बातमी तासाभरात गावभर होते. तो रद्द झाल्याची बातमी मात्र अनेकदा वेशीपर्यंतही पोहोचत नाही. नगर जिल्ह्यातील २०२०चे एक प्रकरण याची आठवण करून देते.

प्रकरण काय होते?

करोनाच्या टाळेबंदीत तबलिगी जमातचे परदेशी सदस्य अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतून ते आले होते. व्हिसाच्या अटी आणि टाळेबंदीचे आदेश मोडल्याचे गुन्हे त्यांच्यावर नोंदवले गेले. त्यांना आसरा दिला म्हणून मशिदींचे विश्वस्त आणि अन्य स्थानिकही आरोपी झाले.

न्यायालय काय म्हणाले?

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरील, तसेच स्थानिक याचिकाकर्त्यांवरील गुन्हे रद्द केले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे दिसते, असे न्या. टी. व्ही. नलावडे यांनी नमूद केले. न्या. एम. जी. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास सहमती दिली; निकालपत्रातील काही निरीक्षणांशी मात्र ते सहमत नव्हते.

मग डाग का राहतो?

एफआयआर ही केवळ गुन्ह्याची पहिली खबर असते. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, पुरावे आणि मग निकाल. अनेक प्रकरणे वाटेतच थांबतात. तक्रार खोटी आढळली तर पोलीस ‘बी’ समरी पाठवतात. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘सी’ समरी. कधी उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करते. कायद्याच्या दृष्टीने माणूस सुटतो. पण साक्षीपुरावे होऊन ‘निर्दोष’ असा निकाल येत नाही. लोकांना दाखवायला त्याच्या हाती काहीच राहत नाही. ‘आगीशिवाय धूर निघत नाही’ म्हणणाऱ्यांना तेवढी फट पुरते.

किंमत कोण मोजतो?

दुकानावरचे गिऱ्हाईक कमी होते. मुलीच्या स्थळाची बोलणी अडतात. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी निघाली की जुना गुन्हा पुन्हा समोर येतो. वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे वेगळेच. करोनाकाळात तर संशय एका माणसापुरता न राहता साऱ्या समाजावर पसरला. तो फळभाजी विकणाऱ्यालाही भोगावा लागला.

उपाय काय?

गुन्ह्यांच्या बातम्या देऊच नयेत, असे नाही. तक्रारदाराचा आवाज दाबला जाऊ नये, यासाठी त्या हव्यातच. पण ‘आरोप आहे’ आणि ‘केले’ यांतला फरक मथळ्यातही दिसला पाहिजे. ज्या पानावर गुन्ह्याची बातमी आली, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत तो रद्द झाल्याची बातमी यावी. इंटरनेटवरील जुन्या बातमीला पुढे काय झाले ते जोडावे. अटकेची प्रेस नोट काढणाऱ्या पोलिसांनी समरी मंजूर झाल्याचेही कळवावे. वृत्तपत्रांचे हे कर्तव्य आहे, उपकार नव्हे; त्यात आम्हीही आलोच.

राहिला प्रश्न आपला. २०२०मध्ये व्हॉट्सॲपवर जे पुढे ढकलले, त्याची दुरुस्ती किती जणांनी पाठवली? न्यायालय गुन्हा रद्द करू शकते. शेजाऱ्याच्या मनातली नोंद शेजाऱ्यालाच खोडावी लागते.