उत्तरेकडची बांधाबांध

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की इंदूरच्या मराठी घरांतून माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, स्वेटरांना ऊन दाखविले जाते आणि सराफ्यात गराडू तळण्याचा वास दरवळू लागतो. यंदा आमच्याही ट्रंका खाली आल्या. परंतु त्यांतील एकही कपडा कामाचा नाही, असा निकाल हेलसिंकीहून दूरध्वनीवर लागला. येत्या नाताळात आम्ही उभयतांनी फिनलंडला यावे आणि तेथून सर्वांनी मिळून ध्रुववृत्तावरील रोवानिएमी या गावी जावे, असा आमच्या कन्येचा आग्रह आहे. कन्या व जावई आठ वर्षे तेथे नोकरीस आहेत. नात साडेपाच वर्षांची. तिने आजोबांना बर्फ दाखवावयाचे ठरविले आहे, आणि नातीचा हुकूम शिक्षण खात्याच्या परिपत्रकाहून वरचा असतो, हे आजोबा झालेल्या वाचकांस सांगावयास नको.

तरीही परिपत्रक चुकत नाही. सरकारी नोकराने परदेशी जाण्यापूर्वी खात्याची अनुमती घ्यावी लागते. आम्ही पावसाळ्यात केलेला अर्ज चार टेबलांची तीर्थयात्रा करून कार्तिकात परतला. दरम्यान पारपत्र, व्हिसा, तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्यविमा असे एकेक सोपस्कार उरकले. आईजवळ राहावयास धाकटे बंधू सपत्नीक देवासहून येणार आहेत. कागदोपत्री तयारी झाली. उरलेली तयारी मात्र कागदावर भागण्यासारखी नव्हती.

ज्या गावी जावयाचे, त्याची माहिती आधी काढावी ही मास्तरकीची खोड. रोवानिएमी ही फिनलंडच्या लॅपलंड प्रांताची राजधानी. हेलसिंकीहून रात्रीची आगगाडी सुमारे बारा तासांत तेथे पोहोचते. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ संपूर्ण बेचिराख केले. युद्धानंतर आल्वार आल्टो या थोर वास्तुशिल्पज्ञाने ते नव्याने आखले आणि रस्त्यांच्या आराखड्याला रेनडिअरच्या शिंगांचा आकार दिला. १९५० साली एलिनॉर रूझवेल्ट तेथे यावयाच्या होत्या, म्हणून ध्रुववृत्ताजवळ घाईघाईने एक लाकडी खोपी उभारली गेली. त्या परिसरातच पुढे सांताक्लॉजचे गाव वसले. राखेतून उठलेल्या गावाने मुलांच्या आनंदाचा व्यवसाय करावा, याचे आम्हांस कौतुक वाटले.

तिकडे नाताळचे मुख्य पर्व २४ डिसेंबरला. दुपारी बारा वाजता तुर्कू शहरात नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते. मग लोक दफनभूमीत जाऊन आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. बर्फात शेकडो ज्योती तेवत राहतात. भोजनात दुधात शिजविलेला भात असतो आणि त्यात एकच बदाम लपविलेला. तो ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान. रात्री सांता घरी येऊन विचारतो, "इथे शहाणी मुले आहेत का?" आमच्या मातोश्रींस हे सारे वाचून दाखविले. वय वर्षे ब्याऐंशी. त्या म्हणाल्या, "पितरांना दिवा, लेकरांना खीर. आणखी सण तो काय असतो रे?" त्या शेऱ्यावर आम्हांस काही भर घालता आली नाही.

काळोखाची गोष्ट मात्र निराळी. डिसेंबरच्या अखेरीस रोवानिएमीला दिवस जेमतेम सव्वादोन तासांचा. सूर्य क्षितिजाला चिकटून येतो नि चिकटूनच मावळतो. आणखी उत्तरेस, उत्स्योकीच्या बाजूस, तो सुमारे पन्नास दिवस उगवतच नाही. या काळास फिनिश भाषेत 'कामोस' म्हणतात. लोकमान्यांनी १९०३ साली 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच दीर्घ रात्रीच्या आणि दीर्घ उषेच्या आधारावर. रात्र सुखरूप पार पडो, ही वेदांतील प्रार्थना बारा तासांच्या रात्रीसाठी कशी असेल, असा त्यांचा प्रश्न होता. आज विद्वान तो सिद्धान्त मान्य करीत नाहीत. परंतु ध्रुवप्रदेश डोळ्यांनी न पाहता पुण्याच्या माणसाने त्या रात्रीचा एवढा विचार केला, हे थोडे नव्हे. आम्ही तो ग्रंथ प्रवासासाठी काढून ठेवला.

आता कपडे. रोवानिएमीला त्या दिवसांत उणे दहा अंश ही नित्याची गोष्ट, आणि पारा उणे तिसापर्यंतही उतरतो. आमची समजूत अशी, की एक भलाजाड कोट घेतला की झाले. कन्येने ती खोडून काढली. थंडी कोट अडवीत नाही. कपड्यांच्या थरांमध्ये कोंडलेली हवा अडविते. म्हणून अंगाला लागून बारीक लोकरीचा कपडा, त्यावर जाडसर लोकरीचा, सर्वांत वर वारा अडविणारा. अंगालगत सुती कपडा मुळीच नको. तो घाम धरून ठेवतो आणि ओल्या अंगातील ऊब भराभर निघून जाते. बूट एक माप मोठे, कारण घट्ट बुटात ना हवा राहते ना रक्त खेळते. हातमोजे बोटाबोटांचे नकोत, चार बोटे एकत्र राहतील असे हवेत. बोटे एकमेकांना ऊब देतात. रस्त्यावर चमकणारी चकती कोटाला लावावयाची, म्हणजे काळोखात मोटारवाल्यास माणूस दिसतो. आमच्या सौ.ना मधुमेह आहे. इन्सुलिन एकदा गोठले की ते वितळूनही निकामीच. म्हणून ते विमानात हातातल्या पिशवीत आणि बाहेर कोटाच्या आतल्या खिशात ठेवावयाचे.

हे थरांचे शास्त्र आम्ही मातोश्रींस समजावून सांगू लागलो. त्यांनी अर्ध्यावरच हात केला. "म्हणजे गोधडीच की! जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये हवा. यासाठी विलायतेला विचारावं लागलं होय?" आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या पेटीतून लुगडी काढली. पणतीसाठी गोधडी शिवावयाची. "आई, सुती कापड तिकडे चालत नाही," असे आम्ही पांडित्य केले. "अंथरुणात कोण घाम गाळतंय?" असे उत्तर मिळाले. त्यांनी कढवलेली तुपाची बरणी मात्र मागे ठेवावी लागली. दूध व दुधाचे पदार्थ प्रवाशांनी नेण्यास युरोपात मनाई आहे. त्याचे त्यांस वाईट वाटले. तिळगुळाला मनाई नाही, एवढे समाधान. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच. तेव्हा नाताळात तिळगूळ दिला तर ज्योतिर्गणिताचा काही आक्षेप नसावा.

परंतु या बांधाबांधीत आम्हांस लागलेली खरी काळजी बर्फाची नव्हे. गेल्या वर्षापर्यंत नात आमच्याशी मराठीत बोलत असे. आता आम्ही मराठीत विचारतो, तिला कळते, आणि उत्तर फिनिशमध्ये येते. तिचे सवंगडी, बाई, खेळ, भांडणे सारी त्या भाषेत. तिचा दोष नाही. कन्या मध्ये अर्थ सांगते. आजोबा आणि नात यांच्यामध्ये दुभाषी बसावा, हे एम. ए. मराठी झालेल्या माणसास फार लागते. आमची घराणी होळकरांच्या काळापासून येथे आहेत. रस्त्यावर माळवी, कचेरीत हिंदी, आणि घराच्या उंबऱ्याआत मराठी. एवढ्या पिढ्या आम्ही हे थर पांघरून ऊबदार राहिलो. अंगालगतचा थर निघाला तर वरच्या कोटांनी काय भागावयाचे?

याच सुमारास कन्येने पाठविलेल्या पुस्तकात इनारी या ठिकाणची हकीकत वाचनात आली. लॅपलंडचे मूळ रहिवासी सामी लोक. त्यांच्या इनारी सामी भाषेचे भाषक केवळ काही शेकडा, आणि एके काळी त्यांत मुले जवळजवळ उरलीच नव्हती. १९९७ साली तेथे 'भाषेचे घरटे' सुरू झाले. म्हणजे एक बालवाडी, जेथे मुलांशी केवळ त्याच भाषेत बोलावयाचे. शिकवणी नाही, व्याकरण नाही. जेवण, खेळ, रुसवेफुगवे सारे त्याच भाषेत. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी १९८२ मध्ये पाडलेला हा पायंडा. त्या घरट्यातून मुले पुन्हा ती भाषा बोलत बाहेर पडली. तीस वर्षे मुलांच्या निबंधांवर तांबडी शाई चालविल्यावर आमच्या ध्यानात आले, की भाषा शाईने टिकत नाही, सहवासाने टिकते. पंधरा दिवसांचे का होईना, एक घरटे आम्हांस बांधता येईल.

परवा सामानाचे वजन केले. दोन किलो अधिक भरले. गोधडी जड झाली आहे. सौ. काही बोलल्या नाहीत; आम्ही लोकमान्यांचा ग्रंथ आणि एक कोट बाहेर काढला. त्या काळोखाविषयी वाचण्यापेक्षा त्यात नातीशी बोलणे अधिक निकडीचे आहे. लोकमान्य क्षमा करतील.

संध्याकाळी दूरध्वनीवर नातीला गोधडी दाखविली. मातोश्री एकेक तुकडा सांगत होत्या: हे तुझ्या आईच्या बारशाचं, हे मुंजीच्या मांडवातलं, हे रोजचं. नात बराच वेळ गप्प होती. मग शब्द शोधीत म्हणाली, "आजोबा, तुला थंडी येणार. मी गोधडी देणार."

थंडी येत नाही, वाजते. आणि आजोबांस 'अहो' म्हणावे. या दोन्ही चुका आम्ही दुरुस्त केल्या नाहीत.