पहिला कार्यक्रम छापा-काट्याचा

गोव्यात सहावी ते आठवीसाठी कोडिंग-रोबोटिक्सची योजना २०२१ मध्ये आली. आपल्या चोपड्याच्या मुलांनी पहिला कार्यक्रम छापा-काट्याचा लिहावा, असे आम्हांला वाटते. 'स्क्रॅच'ला १ किंवा २ यांपैकी कोणताही आकडा काढायला सांगावे. १ म्हणजे छापा, २ म्हणजे काटा. खेळणाऱ्याचा अंदाज आधी घ्यावा, जुळला तर एक गुण. मग हजार फेऱ्या फिरवून नोंद ठेवावी. सलग पाच वेळा छापा पडला, तरी त्यापुढे काटा सुमारे निम्म्याच वेळा येतो. 'आता काटा येणारच' हा भ्रम. तोच माणसाला मटक्याकडे, मांडवीतल्या कॅसिनोकडे पुन्हा पुन्हा ओढतो. पालकांनी हा खेळ मुलांकडून समजून घ्यावा; विश्वस्तांनी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष तासभर उघडा ठेवावा, ही विनंती.