दूषित रक्ताची साक्ष

ब्रिटनमधील दूषित रक्ताच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांना कॉमन्स सभागृहात माफी मागावी लागली. तीस हजारांहून अधिक माणसांना उपचार चालू असतानाच हिपॅटायटिस सी, एचआयव्ही या विषाणूंची बाधा झाली. सुमारे तीन हजार दगावली. हा अपघात नव्हता, हे अरिष्ट बहुतांशी टाळता आले असते, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. सरकारी दप्तरातील काही कागद हेतुपुरस्सर नष्ट करण्यात आले, असेही त्यात म्हटले आहे.

यात सर्वाधिक पोळले ते हिमोफिलियाचे रुग्ण. रक्त गोठविणारा एक घटक त्यांच्या शरीरात जन्मतःच अपुरा असतो. तो बाहेरून पुरवावा लागतो. सत्तरच्या दशकात या घटकाची भुकटी बाजारात आली. ती घरी ठेवावी, गरज पडताच स्वतः टोचून घ्यावी. रुग्णालयाच्या खेपांना कंटाळलेल्या आईबापांना तिचे अप्रूप वाटले, यात नवल नाही. परंतु या भुकटीच्या एकेका घाण्यासाठी हजारो, प्रसंगी चाळीस हजार जणांचा रक्तद्रव एकत्र केला जाई. त्यांत पैशासाठी रक्तद्रव विकणारे अमेरिकन होते, तिकडच्या तुरुंगांतले कैदीही होते. एक दाता बाधित निघाला की सगळा घाणा नासे. ट्रेलोअर येथील अपंगांच्या शाळेत १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाचे १२२ विद्यार्थी होते. त्यांपैकी आज तीसच्या आसपास हयात आहेत.

हिपॅटायटिस सीचा विषाणू एकजिनसी नाही. त्याचे अनेक जनुकीय प्रकार आहेत आणि एकाची बाधा झाली म्हणून दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. वर्षानुवर्षे भुकटी घेणाऱ्यांच्या शरीरात म्हणूनच निरनिराळे प्रकार शिरले. काहींच्या रक्तात ते एकाच वेळी आढळले. कोणता प्रकार वाट्याला आला, यावर पुढे उपचाराचे भवितव्य ठरे. पहिल्या क्रमांकाचा प्रकार इंटरफेरॉनला सहसा दाद देत नसे. वर्षभर सुया टोचून घ्याव्यात, ज्वर आणि नैराश्य सोसावे आणि अखेरीस विषाणू जिथल्या तिथेच असावा, हा अनुभव अनेकांनी घेतला. दप्तरातले कागद जाळता येतात. रक्तातली ही नोंद मात्र तशी पुसता येत नाही.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखता आला. त्यापूर्वी कोणास काय ठाऊक होते, असा बचाव केला जातो. तो अर्धसत्य आहे. अनेकांचा रक्तद्रव एकत्र केला की कावीळ पसरते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून माहीत होते. ‘ए’ नव्हे आणि ‘बी’ही नव्हे अशा काविळीची चर्चा १९७५ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत चालू होती. शेफील्डच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासून जुनाट विकार दाखवून दिला. तरीही हा आजार सौम्य आहे, असे रुग्णांना सांगितले जात राहिले. नाव ठाऊक नसलेला धोका धोकाच नव्हे, हे तर्कट विज्ञानाचे नव्हे, सोयीचे होते.

आपल्याकडे ती महागडी भुकटी फार थोड्यांना परवडत असे. बहुतेकांची भिस्त रक्तद्रव, क्रायो किंवा साध्या रक्तावर होती. एका पिशवीमागे एक दाता, हा गरिबीचा अनपेक्षित लाभ म्हणावा, तर तो दाताही पुष्कळदा रक्त विकणारा असे. या धंद्याला आळा घालण्यासाठी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ब्रिटनने रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची चाचणी सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू केली; आपल्याकडे ती सक्तीची होण्यास त्यानंतर सुमारे दहा वर्षे लागली. त्या दशकात आणि त्यापूर्वी ज्यांनी रक्त घेतले, त्यांचे काय, हा प्रश्न कोणत्याही चौकशी आयोगापुढे गेलेला नाही.

हा आजार वीस-तीस वर्षे मुकाट राहतो. नव्या गोळ्या मात्र विषाणूच्या सर्व प्रमुख प्रकारांवर चालतात आणि बारा आठवड्यांत बहुतेकांना त्यापासून मुक्त करतात. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चाचणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. यकृत निबर होण्याआधी या गोळ्या मिळाल्या, तर त्यांचा खरा उपयोग. हिमोफिलियाच्या उपचार केंद्रांत रुग्णांच्या नोंदी असतात. आरोग्य खात्याने त्या काढाव्यात आणि चाचणी सक्तीची होण्यापूर्वी रक्त घेतलेल्या प्रत्येकाला तपासणीसाठी बोलावून घ्यावे. त्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही.