समुद्र हे नगरपालिकेचे गटार नव्हे!

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांचे मोल ओळखून १९८७ साली मालवणचा २९ चौरस किलोमीटर परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. १९९७ मध्ये अवघा सिंधुदुर्ग जिल्हा पर्यटन जिल्हा ठरला. २०२३ च्या डिसेंबरात नौदल दिनाच्या सोहळ्यासाठी सारे शासन याच किनाऱ्यावर अवतरले. परंतु मालवण शहराची भुयारी गटार योजना मालवणकरांनी वर्षानुवर्षे रखडलेलीच पाहिली. ज्या सागराची स्तोत्रे गायची, त्याच्याच मुखात मैला ओतायचा!

काम काही डोंगराएवढे नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती एकोणीस हजारांच्या आत होती. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, हा रूढ सरकारी हिशेब लावला तर दिवसाला सुमारे वीस लाख लिटर होते. सुट्ट्यांतल्या पर्यटकांची भर वेगळी. एवढ्याशा पाण्याला शुद्ध करणे ज्यांना पेलत नाही, त्यांनी जागतिक पर्यटनाच्या गोष्टी बोलू नयेत.

सेप्टिक टाकी आहे ना, असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्या सज्जनांनीही जरा ऐकावे. टाकीत मैला केवळ तळाशी बसतो. रोगजंतूंनी भरलेले वरचे पाणी शोषखड्ड्यातून सच्छिद्र जांभ्यात झिरपते आणि शेजाऱ्याच्या विहिरीकडे वाट काढते. दर दोन-तीन वर्षांनी उपसायची टाकी तुंबून वाहीपर्यंत कोणी उघडत नाही, उपसलेला मैला टँकर कोठे रिता करतो हे कोणी विचारत नाही आणि पावसाळ्यात भूजल वर आले की टाकी, व्हाळ व विहीर यांच्यात अंतरच उरत नाही. त्याच विहिरीचे पाणी आपली मुले पितात.

खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून जगतात. पाण्यातले जंतू त्यांच्या देहात साठतात आणि तेथून आपल्या ताटात येतात. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर माजणारे शैवाल प्रवाळांचा श्वास कोंडते. स्नानयोग्य समुद्राच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० पेक्षा अधिक नसावेत, हे मानक सरकारचेच आहे. रापण ओढणारा मच्छीमार आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिसऱ्या वेचणारी बाई यांना ते मानक कोणी कधी समजावून सांगितले? पर्यटक दोन दिवसांनी घरी परततो. ही माणसे त्याच पाण्यात राहतात.

कायदा नाही म्हणावे, तर जलप्रदूषण कायदा १९७४ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी स्थानिक संस्थांना दिलेली तीन वर्षांची मुदत कधीच सरली. देशातील शहरी सांडपाण्याच्या जेमतेम २८ टक्क्यांवर प्रक्रिया होते, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अंदाज ढाल म्हणून आमच्यापुढे कोणी धरू नये. दुसऱ्याच्या पापाने आपले धुतले जात नाही. निधीअभावी हात वर करणारे शासन, निविदांच्या फेऱ्यांत वर्षे दवडणारी पालिका, समुद्रदर्शनाचे दाम घेऊन त्याच समुद्रात नळी सोडणारा हॉटेलवाला आणि मत मागायला आलेल्या उमेदवाराला गटाराविषयी चकार शब्द न विचारणारा नागरिक, हे चौघेही या अपराधाचे भागीदार आहेत.

किनाऱ्यावर कोणकोणत्या नळ्या उघडतात, त्यांची यादी पालिकेने वॉर्डनिहाय जाहीर करावी. विहिरी आणि किनारा यांच्या पाण्याचे अहवाल दरमहा चौकात लावावेत. प्रक्रिया यंत्रणा नसलेल्या एकाही नव्या हॉटेलाला परवाना मिळता कामा नये. जुन्यांना एक मुदत द्यावी, आणि ती टळली तर टाळे ठोकावे!