देह म्हणजे मोटार नव्हे

मीरा रोड येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेत सर्व कुटुंबांनी समान वर्गणी देऊन सामूहिक आरोग्यविमा घ्यावा, अशी सूचना परवा आली. त्यावर एक सुशिक्षित गृहस्थ उठून म्हणाले, "गाडी जपून चालविणाऱ्यास मोटारविम्यात सवलत मिळते. मग शरीर जपणाऱ्याने शेजारच्या म्हाताऱ्याचा भार का वाहावा?" सभेने माना डोलाविल्या व सूचना बारगळली. हा युक्तिवाद दिसावयास जितका सोज्ज्वळ, तितकाच मुळात पोकळ आहे.

प्रथम मोटारच पाहू. मोडकी गाडी काशीमिऱ्याच्या गॅरेजात गेली म्हणजे तिच्या विम्यास एक कमाल मर्यादा असते. ती म्हणजे पॉलिसीत लिहिलेले गाडीचे मूल्य. दुरुस्तीचा खर्च त्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी संपूर्ण नष्ट झाली असे धरून मालकास पैसे देतात आणि तो नवी गाडी घेतो. आता भाईंदरच्या एखाद्या वृद्धास हृदयविकाराचा झटका आला, तर त्याचे मूल्य कोणी ठरवावयाचे? त्यास भंगारात काढून त्याच्या मुलांस नवा बाप कोणत्या दुकानातून आणून द्यावयाचा?

दुसरे असे, की मोटारविमा अपघात भरून देतो, झीज नव्हे. टायर झिजले तर खर्च मालकाचा. परंतु वार्धक्य म्हणजे झीजच की नाही? मोटारीचा नियम देहास लावावयाचा तर आरोग्यविम्यातून म्हातारपणच वगळावे लागेल. राहता राहिली सवलत. दावा न करणाऱ्या मोटारमालकास ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत मिळते, हे खरे. पण बालपणीच मधुमेह जडलेल्या मुलीने कोणता सिग्नल तोडला होता?

मौज ही, की जुन्या मोटारींच्या बाजाराची चिकित्सा करणारा जॉर्ज ॲकरलॉफ याचा १९७० सालचा प्रसिद्ध निबंध याच्या उलट दिशेस जातो. पासष्टीपुढील माणसांस आरोग्यविमा मिळणे दुरापास्त का होते, हे त्याने त्याच निबंधात दाखविले. हप्ता वाढला की निरोगी लोक बाहेर पडतात, आजारी तेवढे उरतात आणि हप्ता पुन्हा वाढतो. म्हणूनच वृद्धांसाठी सरकारी विम्याचे समर्थन त्यास करावेसे वाटले.

आपल्या सरकारासही हा भेद थोडाफार उमगला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर उठला, मोटारविम्यावरील कर मात्र राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत प्रवेश मिळाला.

देह जपू नये, असे आम्ही म्हणत नाही. व्यसनी मनुष्यास जरूर चार शब्द ऐकवावेत. परंतु मोटारीचाच कित्ता गिरवावयाचा असेल, तर आमच्या मित्रांनी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम गिरवावे. त्याअन्वये तिऱ्हाइताच्या हानीचा विमा उतरविल्यावाचून रस्त्यावर गाडी आणता येत नाही, मग चालक कितीही सावध असो. दुसऱ्यावरील आपत्तीची तरतूद सर्वांनी मिळून करावी, हे मोटारीच्या कायद्यानेही मानले आहे.

पुढील सभेत ती सूचना आम्ही पुन्हा मांडणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी मतदानापूर्वी एवढेच ध्यानात घ्यावे, की गाडी विकून मोकळे होता येते. वय मात्र कोणासही विकता येत नाही, आणि आज ज्या म्हाताऱ्याचा भार नको वाटतो, त्याच्या जागी उद्या आपणच बसणार आहोत.