दोष घरातला की बाहेरचा?

घरातील संगणक चालू आहे, पण इंटरनेटशी त्याचा संबंध जुळत नाही, ही तक्रार आज धाराशिव शहरात तशीच परांडा-उमरग्याकडेही ऐकू येते. ही सुखवस्तू कुटुंबांची किरकोळ गैरसोय आहे, असे मानण्याचे दिवस संपले. सातबाऱ्याचा उतारा, प्रवेशअर्ज, विम्याची सूचना ही सारी कामे आता याच वाटेने होतात. 2020 च्या खरिपात अतिवृष्टीने या जिल्ह्यातील सोयाबीन गेले. भर पावसात नुकसान कळविण्यास ॲप आणि दूरध्वनी हेच जवळचे मार्ग होते. तरीही 72 तासांत सूचना आली नाही, या सबबीवर लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारण्यात आली. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला खरा. पण तोवर पुढचे खरीपही येऊन गेले होते. जेथे हक्क तासांनी मोजले जातात, तेथे तुटलेली जोडणी ही केवळ तंत्रज्ञाची बाब राहत नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारावा, असे आम्हांस वाटते: दोष घरातला की बाहेरचा? त्याचे उत्तर शोधण्यास अभियंता लागत नाही. त्याच वाय-फायवर मोबाइल चालत असेल, तर दोष संगणकात आहे. त्याचे वाय-फाय बंद राहिले असेल, पासवर्ड बदलला असेल, किंवा तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील. कोणतेच उपकरण चालत नसेल, तर राउटरच्या दिव्यांकडे पाहावे. फायबरच्या पेटीवरील ‘एलओएस’ हा दिवा तांबडा झाला, तर प्रकाशच पोहोचत नाही. केबल बाहेर तुटली आहे, अथवा घरातच कपाटामागे मुडपली आहे. दिवे ठीक असून संगणकाचा आयपी पत्ता 169.254 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू केल्यास बहुधा काम भागते.

एवढी तपासणी केलेल्या ग्राहकाला ‘तुमचाच संगणक बिघडला असेल’ असे सांगून वाटेला लावणे सोपे नाही. त्याने वेळ आणि दिव्याचा रंग नोंदवून तक्रारीचा क्रमांक मागावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांनुसार तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास अपिलाचीही सोय आहे.

मात्र नागरिक शहाणा झाला म्हणजे सेवा देणाऱ्यांची जबाबदारी संपली, असे नव्हे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केली. परंतु तार पुरणे हे अर्धेच काम. तुटल्यावर ती वेळेत जोडणे हे उरलेले अर्धे. कोठे तार तुटली आणि ती केव्हा जोडली जाईल, हे जाहीर सांगितलेच पाहिजे. शाळांनी वरील तपासणी मुलांना शिकवावी; ग्रामपंचायतींनी ती एका पानावर छापून फलकावर लावावी. टंचाईत टँकरची मागणी लेखी करावयास हा जिल्हा केव्हाच शिकला. तुटलेल्या तारेची दुरुस्तीही तितक्याच नेटाने, नोंदीसह मागावयास त्याने आता शिकले पाहिजे.